पलासियातून समुद्र छापताना

इंदूरच्या पलासिया चौकातून जाणारा ए. बी. रोड म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता. तो धरून दक्षिणेला निघालं की सेंधवा, धुळे, नाशिक मागे टाकत सहाशे किलोमीटरच्या आसपास समुद्र लागतो. इतक्या लांब राहून समुद्र आणि त्यावरचे पक्षी ठशांनी छापायला बसणं कुणाला खुळेपणाचं वाटेल. मला ते सोयीचं वाटतं. तीन-चार ठसे आणि तीन-चार रंग एवढ्यात जे बसेल तेवढंच या कलेत टिकतं. किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला प्रत्येक लाट आणि प्रत्येक पीस घ्यावंसं वाटतं; इंदुरात परतल्यावर महिन्याभराने जे आठवतं ते ठशात मावेल इतकंच उरलेलं असतं. निवडीचं अर्धं काम हे अंतरच करून टाकतं. उरलेलं अर्धं आपल्याला करायचं आहे.

रंगीत ठसाचित्राचं तत्त्व साधं: एका रंगाला एक ठसा. जो भाग छापायचा तो उंच ठेवायचा, बाकीचा कोरून खाली न्यायचा, उंच भागावर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवून त्याच्या पाठीवर घोटायचं. मग दुसरा रंग, दुसरा ठसा, तोच कागद, तीच जागा. अडचण सगळी त्या 'तीच जागा'मध्ये असते. मराठी घरांत याचा नमुना अनेकदा भिंतीवरच असतो. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि १८९९मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली छपाई सपाट दगडावरून व्हायची, कोरीव ठशावरून नव्हे; पण प्रत्येक रंगाला वेगळा दगड हा हिशेब तोच. घरात त्या छापाची जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती असेल तर भिंग घेऊन ओठांच्या आणि काठापदराच्या कडा बघा. कुठेतरी लाल रंग केसभर बाहेर सरकलेला सापडेल. जुळणी चुकणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगला धडा नाही, आणि एवढी चूक चित्राला मारत नाही हेही त्यातून कळतं.

इंदूरकरांना ठशांचं वावडं असायचं कारण नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली इथे कलाशाळा उभी केली. ना. श्री. बेंद्रे तिथे शिकले, मकबूल फिदा हुसेनही. बेंद्रे पुढे १९५०मध्ये बडोद्याला शिकवायला गेले, आणि तिथल्या त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ज्योती भट्ट देशातले आघाडीचे मुद्राचित्रकार झाले. विष्णू चिंचाळकर गुरुजींनी तर सुकलेली पानं, सालपटं, फांद्या यांतून आकार शोधायची नजर या शहराला दिली, आणि ठसा कोरणाऱ्याला हवी असते ती नेमकी तीच नजर. शेजारच्या धार जिल्ह्यातलं बाग गाव लाकडी ठशांच्या कापडछपाईसाठी प्रसिद्ध आहे. एकदा तिथे जाऊन कारागीर ठसा कसा टेकवतो, कोपऱ्याच्या खुणेवर नजर ठेवून पुढचा ठसा मागच्याला कसा भिडवतो, ते उभं राहून पाहा. कागदावरच्या छपाईची पुस्तकं हे सांगत नाहीत.

आता पक्षी. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दापोलीजवळच्या हर्णैला जाणं जमवा. तिथे किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव भरतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग असतो आणि होड्यांच्या मागे कुरवांचे थवे असतात. मालवण-देवबागचा किनाराही चालेल. कॅमेरा न्या, पण आधी पेन्सिल काढा, आणि तीही बोथट. टोकदार पेन्सिल पिसं मोजायला लावते. बोथट पेन्सिलीने फक्त बाहेरची आकृती उतरते आणि ठशाला तीच लागते.

कुरव आणि सुरय यांतला फरक हाताला माहीत हवा. कुरवाचे पंख रुंद, शेपूट गोलसर, अंग भरलेलं. सुरय सडपातळ, पंख लांब आणि निमुळते, शेपूट दुभंगलेली; मासा शोधताना चोच सरळ खाली पाण्याकडे रोखलेली. नुसत्या काळ्या आकृतीत हा फरक दिसला पाहिजे. बघणाऱ्याला कुरव आहे की सुरय हे रंग भरल्यावर कळणार असेल, तर रेखाटन पुन्हा करा.

एक चूक फार जणांच्या चित्रांत दिसते. काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव ही नावं वाचून लोक हिवाळ्यातल्या समुद्रावर गडद डोक्याचे पक्षी छापतात. हे दोन्ही पक्षी आपल्याकडे हिवाळी पाहुणे. त्या दिवसांत त्यांचं डोकं पांढरं झालेलं असतं आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. गडद टोपी उन्हाळ्याच्या तोंडी, परत जायच्या सुमारास चढू लागते. त्यामुळे थंडीतलं चित्र असेल तर डोकं कागदाचंच पांढरं सोडा, आणि कोरणीचं काम वाचलं म्हणून खूश व्हा. दोघांना वेगळं करायचं असेल तर पंखांची टोकं बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर. ही दोन्ही लक्षणं कोरणीच्या दोन-तीन फटक्यांत उतरतात.

ठशासाठी निसर्गानेच रंग वेगळे करून ठेवलेले पक्षीही आहेत. ऑयस्टरकॅचर घ्या: काळं, पांढरं आणि चोचीचं तांबडं, बस. वेस्टर्न रीफ हेरॉन हा खडकांवरचा समुद्री बगळा तर दोन रूपांत येतो, एक पाटीसारखा करडा आणि एक पूर्ण पांढरा. दोन ठसे कोरा, एक बगळ्याचा आणि एक त्याच्या भोवतीच्या पाण्याचा. दोन्ही छापलेत तर करडा बगळा, फक्त पाणी छापलंत तर पांढरा. जोडचित्रासाठी इतका आयता विषय दुसरा मिळणार नाही. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घिरट्या घालताना पंख वर उचलून इंग्रजी 'व्ही'सारखे धरतो आणि त्याची शेपूट आखूड, पाचरीसारखी असते. मोठ्या मोकळ्या आकाशात एवढा एकच आकार पुरतो.

वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकबेटांवर, ज्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, सुरय घरटी करतात. चित्रासाठी तिकडे होडी काढू नका. विणीच्या काळात माणसाचं पाऊल म्हणजे पिल्लांच्या जिवाशी खेळ. पावसाळी वादळांत खोल समुद्रावरचे पक्षी कधीकधी थकून किनाऱ्यावर येऊन पडतात, तेव्हाही वही बाजूला ठेवा आणि वनखात्याला कळवा.

हर्णै लगेच जमणार नसेल तर मध्य प्रदेश काही कोरडा नाही. महेश्वरला नर्मदेवर नदी सुरय दिसतो: पिवळी चोच, काळी टोपी, करडी पाठ, लांब दुभंगलेली शेपूट. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर उगम पावणारी चंबळ पुढे मुरैना-भिंडकडे रुंद होते, आणि तिथे इंडियन स्किमर दिसतो, ज्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते आणि तीच पाण्यात बुडवून तो उडता उडता मासे टिपतो. पाण्यावर ओढलेली ती एक रेघ कोरायला कुणालाही मोह होईल. उडत्या पक्ष्याचा नुसता सराव करायचा तर धार रोडवरचा सिरपूर तलाव आहेच. २०२२मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. सकाळी तिथे तासभर उभं राहून पंख वर, पंख मधे, पंख खाली अशा तीनच स्थिती पुन्हा पुन्हा काढा.

समुद्राकडेही असंच निवडून बघायचं. पहिली गोष्ट, तो निळा असतो हे डोक्यातून काढून टाका. कोकणात पावसाळ्यात तो गढूळ, मातकट करडा असतो. दिवाळीनंतर हिरवट होत जातो. स्वच्छ दिवशी क्षितिजाजवळचं पाणी सगळ्यात गडद आणि क्षितिजाजवळचं आकाश सगळ्यात फिकं दिसतं. नवशिके दोन्हीकडे एकच निळा वर-खाली करतात आणि मग समुद्र भिंतीसारखा उभा राहतो. गडद पाणी फिक्या आकाशाला जिथे टेकतं ती एक कडा नीट आली, की लाटा अगदी थोड्या कोरल्या तरी चालतात. दुसरी गोष्ट, फेस छापायचा नसतो, सोडायचा असतो. होकुसाईची साधारण १८३१ सालची कानागावाची लाट आठवा. त्यातला निळा तेव्हा जपानात नवा असलेला प्रशियन ब्लू. पण ती नखांसारखी फेसाची टोकं म्हणजे न छापलेला कागद आहे. आपल्याकडे नंदलाल बोसांनी १९३० साली दांडीयात्रेच्या निमित्ताने काठी घेऊन चालणारे गांधीजी लिनोत कोरले. यात्रा समुद्राकडे निघालेली, चित्रात समुद्राचा थेंब नाही, आणि अख्खा माणूस काळ्यातून काढलेल्या पांढऱ्या रेघांनी उभा आहे.

रेखाटनावरून थेट ठशाकडे जाऊ नका. मधला टप्पा कात्रीचा. शाळेच्या प्रकल्पांना लागतो तो घोटीव कागद आणा, तीनच रंग निवडा, आणि चित्र नुसतं कापून चिकटवून करा. पेन्सिल वापरायची नाही. कात्रीने जे कापता येत नाही ते ठशात घ्यायचं नाही, हा नियम कडक वाटला तरी पहिल्या वर्षी तरी पाळा. एकावर एक छापलेल्या रंगांचं काय होईल याचा अंदाज घ्यायचा असेल तर पतंगाचा कागद उपयोगी पडतो. संक्रांतीच्या आधी सगळे रंग मिळतात. फिक्या पिवळ्यावर निळा ठेवून खिडकीला धरा: दोन ठशांत तिसरा रंग फुकट कसा मिळतो ते दिसेल. समुद्राच्या चित्रात हा फुकटचा तिसरा रंगच बहुतेक वेळा पाण्याचा खरा हिरवा ठरतो.

सामानावर सुरुवातीला फार खर्च करू नका. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि मागे तागाचं कापड. कलासाहित्याच्या दुकानात तो तुकड्यांत मिळतो. मऊ रबरी पत्रे कोरायला सोपे, पण त्यांवर बारीक कडा लवकर झिजतात. सागवान किंवा शिसवी ठशाचा हट्ट सध्या सोडा, बागच्या कारागिरांचे हात वर्षानुवर्षं तयार झालेले असतात. लाकडाच्या रेषांचा पोत पाण्यासाठी हवाच असेल तर साधा प्लायवूडचा तुकडा घ्या, तारेच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासा आणि पाण्याच्या ठशाला वापरा. आडव्या रेषा आपोआप संथ पाणी देतात. कोरण्या तीन पुरेत: एक बारीक 'व्ही' आकाराची, एक लहान आणि एक रुंद 'यू' आकाराची. शिवाय एक रोलर, काचेचा तुकडा, पॅलेट नाइफ, आणि घोटायला स्टीलचा मोठा चमचा. छापयंत्राची गरज नाही. यंत्रावरचं काम बघायचंच असेल तर भोपाळच्या भारत भवनात ग्राफिक कार्यशाळा आहे.

सुताराकडून एक फळी करून घ्या, वरच्या कडेला एका बाजूला पट्टी आणि खालच्या कडेला उलट्या बाजूला पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरची ठशाला अडवते. यामुळे ठसा धरणारा हात कोरणीच्या मागे राहतो. हात कोरणीच्या पुढे आणायचा नाही. या कामात रक्त निघतं ते जवळजवळ नेहमी याच कारणाने. बोथट कोरणी धारदार कोरणीपेक्षा धोक्याची, कारण ती घसरते. चामड्याच्या पट्टीवर घासत राहा. जानेवारीच्या सकाळी लिनो कडक होतो आणि तुकडे उडतात. गॅलरीतल्या उन्हात थोडा वेळ ठेवलात की लोण्यासारखा कापला जातो.

पहिल्या चित्रासाठी मी तीन ठशांचा आग्रह धरणार नाही. एडवर्ड मुंकने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक युक्ती काढली: लाकडी ठसाच बारीक करवतीने तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग लावायचा, तुकडे पुन्हा जोडून ठेवायचे आणि एकदाच छापायचं. १८९९ सालचं त्याचं 'द लोनली वन्स' असंच आहे, समुद्राकडे पाहत पाठमोरे उभे असलेले एक बाई आणि एक पुरुष. जुळणीचा प्रश्नच उरत नाही, कारण कागद एकदाच ठेवायचा असतो. तुमच्यासाठी बेत असा: पंधरा गुणिले वीस सेंटीमीटरचा लिनो घ्या, त्यावर क्षितिज, सुवर्णदुर्गाची सपाट पट्टी आणि वर एक मोठा उडता कुरव आखा. कुरव पूर्ण कोरून टाका, तो कागदाचा पांढरा राहील. मग धारदार कटरने लिनो क्षितिजाच्या रेषेवर आणि किल्ल्याच्या वरच्या कडेने कापा. आकाशाला फिका करडा, पाण्याला हिरवट निळा, किल्ल्याला गडद. तुकडे जोडा, छापा. तुकड्यांमध्ये राहणारी बारीक पांढरी रेघ दोष म्हणून पुसायला जाऊ नका, क्षितिजावर ती शोभते.

यानंतर वेगळ्या ठशांकडे. ठसे सगळे एकाच मापाचे आणि काटकोनात कापलेले हवेत, इथे मिलिमीटरची सूट नाही. जाड पुठ्ठ्यावर ठशाच्या जाडीच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून ठशासाठी कोपरा करा आणि त्याच्या बाहेर कागदासाठी दुसरा कोपरा. प्रत्येक ठसा त्याच कोपऱ्यात बसणार, प्रत्येक कागद त्याच कोपऱ्यात टेकणार. जपानात १७६५च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या काळात बहुरंगी छपाई बहरली तेव्हा हीच सोय ठशातच कोरलेल्या दोन खाचांनी केलेली असे, एक कोपऱ्यात आणि एक कडेला. तत्त्व अजून बदललेलं नाही.

सगळ्यात जास्त तपशील असलेला ठसा आधी कोरा, बहुधा गडद रंगाचा: पंखांची टोकं, डोळ्यामागचा ठिपका, होडी, किल्ला. तो ओल्या शाईने जाड पारदर्शक प्लास्टिकवर छापा. आता कोपऱ्यात कोरा ठसा ठेवा, प्लास्टिक पुन्हा त्याच खुणांना टेकवून त्यावर घोटा. पहिल्या ठशाची छाप दुसऱ्यावर नेमक्या जागी उमटेल, आणि कुठे काय सोडायचं ते स्पष्ट दिसेल. फिक्या रंगाच्या ठशात गडद रंगाच्या खाली थोडा रंग जाऊ द्या, कडेला कडा भिडवायच्या भानगडीत पडू नका. एवढी एक सवय लावली की केसभर सरकलेली जुळणी कुणाला दिसत नाही.

चोचीच्या लाल ठिपक्यासाठी वेगळा ठसा कोरायचा का? नाही. किल्ल्याच्याच ठशावर चोच उंच ठेवा, गडद शाई फिरवताना त्या भागावर कागदाचा तुकडा झाका, आणि लाल रंग बोटाएवढ्या कापडी बोळ्याने लावा.

एकाच ठशातून टप्प्याटप्प्याने कोरत जाण्याचीही पद्धत आहे. पहिला रंग सगळ्या कागदांवर छापायचा, मग तोच ठसा आणखी कोरायचा, दुसरा रंग, पुन्हा कोरायचा. पिकासोने १९५०च्या दशकात आणि पुढे लिनोत हे भरपूर केलं. जुळणी त्यात सोपी. पण मागे फिरता येत नाही आणि प्रती सुरुवातीलाच ठरवाव्या लागतात. समुद्राचे रंग तर छापून बघितल्याशिवाय सापडत नाहीत, म्हणून नवशिक्याला मी वेगळे ठसेच सुचवीन. तेच ठसे ठेवून पुढच्या जुलैत मातकट करड्या रंगांत छापलेत तर दुसरा समुद्र मिळतो.

शाई तेलाची की पाण्याची, याचं उत्तर इंदूरच्या हवेवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते. पाण्याची शाई काचेवरच चिकट होऊ लागते. तेव्हा पहाटे काम करा किंवा तेलाची शाई वापरा. पावसाळ्यात उलट, तेलाची शाई वाळता वाळत नाही, आणि दमट हवेत कागद फुगून जुळणी बिघडवतो. आज एक रंग छापला, मधे आठ दिवस झड लागली, मग दुसरा छापला, तर तो बसणार नाही. एका चित्राचे सगळे रंग शक्यतो एकाच हवेत उरका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला छपाईचा खरा हंगाम, आणि कुरवांचाही तोच.

ऑफसेट छापखान्यांत वापरतात ती शाईही चालते, आपल्याकडचे बरेच मुद्राचित्रकार ती वापरतात. हाताच्या छपाईला ती घट्ट वाटली तर जवसाच्या तेलाचे थेंबभर. पाण्याच्या ठशासाठी शाईत पारदर्शक मीडियम भरपूर मिसळा. किती, हे पाहण्यासाठी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पातळ थर फिरवा. खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. छपाई नेहमी फिक्यापासून गडदाकडे.

क्षितिजाजवळ गडद आणि जवळ येताना फिकं पाणी एकाच ठशातून मिळवायचं असेल तर काचेवर दोन शाया शेजारी शेजारी पसरा आणि रोलर एकाच पट्ट्यात वर-खाली फिरवताना अगदी किंचित डावी-उजवीकडे हलवा. मधली सीमा विरघळते. जपानी छापकार हीच छटा ओल्या ब्रशने ठशावर आणायचे, तिला बोकाशी म्हणतात. रोलरची दिशा प्रत्येक प्रतीला तीच ठेवा, उलटी धरलीत की सगळा पट्टा मळतो.

शाई किती लावायची हे डोळ्यापेक्षा कान चांगलं सांगतो. योग्य थराचा रोलर काचेवरून बारीक, सलग फुसफुसत जातो. पचपच आवाज आला की शाई जास्त झाली, आणि मग पंखातल्या बारीक रेघा बुजणार. एकदम जाड थर देण्यापेक्षा पातळ थर तीन-चारदा फिरवा. कागद फार जाड नको. शंभर ते दीडशे जीएसएमचा, गुळगुळीत, लांब धाग्यांचा हातकागद चमच्याने घोटायला उत्तम. नेपाळी लोकता कागद पातळ असूनही फाटत नाही. कागद टेकवल्यावर मधून बाहेर असं घोटा, एक कोपरा दाबून धरून दुसरा उचलून बघा, फिकं वाटलं तर परत टेकवून घोटा. यंत्रापेक्षा चमच्याची हीच चैन आहे. आकाशात मुद्दाम हलकं घोटलं तर कागदाचा दाणा दिसत राहतो आणि धुकट सकाळ येते.

लाटांच्या बाबतीत एकच सूचना. 'यू' कोरणी टेकवा, ढकला, उचला. सुरुवातीला बारीक, मधे रुंद, शेवटी बारीक अशी खूण पडते. जवळच्या पाण्यात या खुणा लांब आणि विरळ, क्षितिजाकडे आखूड, बारीक, दाट, आणि अगदी क्षितिजाशी काहीच नाही. सगळ्या एकाच दिशेला झुकलेल्या असाव्यात, वारा एकीकडूनच येतो. खुणा अर्ध्या झाल्या की थांबून एक चाचणी प्रत काढा. बहुतेकांच्या बाबतीत समुद्र तेवढ्यात झालेला असतो.

चित्र उलटं छापलं जातं हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण हर्णैहून दक्षिणेकडे उडणारा थवा कागदावर उत्तरेला जाताना पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. रेखाटन ट्रेसिंग कागदावर घेऊन ठशावर पालथं घाला. ठशात नाव कोरायचं असेल तर तेही उलटं. देवनागरी अक्षरं उलटी कोरणं किचकट, त्यापेक्षा छापल्यावर खाली पेन्सिलने सही करा. डावीकडे प्रतीचा क्रमांक आणि एकूण प्रती, उदाहरणार्थ ३/२०, उजवीकडे सही आणि वर्ष. शाईचं पेन नको, ते फिकं पडतं आणि पसरतं. चाचणी प्रती फेकू नका. कुठल्या टप्प्यावर थांबायला हवं होतं, हे त्यांच्यातच दिसतं.

काम संपल्यावर तेलाची शाई आधी खाण्याच्या तेलाने पुसा, मग साबणाच्या पाण्याने. बंद खोलीत रॉकेल किंवा टर्पेंटाइनची गरज नाही. जवसाच्या तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. इंदूरच्या मे महिन्यात तर हा धोका गमतीवारी नेण्यासारखा नाही. फडकी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. प्रती कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला टांगा, पण पंख्याखाली नको, हलताना एकमेकींना चिकटतात. तेलाची शाई वाळायला दोन-तीन दिवस धरा, दोन रंग असतील तर जास्त. ठसे पुसून, मधे वर्तमानपत्र घालून, सपाट आणि सावलीत ठेवा. लिनो उन्हाने वाकतो आणि वाकलेला ठसा दुसऱ्या हंगामात कोपऱ्यात बसत नाही.